साठ माणसं, दोन दिवस, एक रात्र: घाटमाथ्यावरच्या हॉटेलात ऑफिसची बैठक ठरवताना

साठ माणसं, निम्मी मुंबईची, निम्मी पुण्याची, दोन दिवस आणि मधली एक रात्र. आपल्याकडे कंपन्यांच्या बाहेरगावच्या बैठकीचं हे अगदी नेहमीचं माप. लोणावळा, पवना, कर्जत, मुळशी, इगतपुरी या पट्ट्यात त्यासाठी आता कितीतरी आलिशान हॉटेलं आहेत, आणि सगळ्यांचे फोटो सुंदर आहेत: दरीकडे तोंड केलेला पोहण्याचा तलाव, धुक्यातलं लॉन, काचेच्या भिंतींचा हॉल. पण बैठक बिघडते ती फोटोत न दिसणाऱ्या गोष्टींनी. छप्पर कशाचं आहे, खोलीत पलंग एक की दोन, शेवटच्या दोन किलोमीटरचा रस्ता किती रुंद, जनरेटरवर काय काय चालतं. हे पोस्ट त्याच गोष्टींबद्दल आहे.

एवढा खर्च करून शहराबाहेर जाण्याचं सर्वात मोठं कारण म्हणजे संध्याकाळी सहाला कुणी घरी जात नाही. शहरातल्या हॉटेलात पाच वाजले की लोक घड्याळ बघू लागतात, कुणाला लोकल गाठायची असते, कुणाला मुलाला क्लासहून आणायचं असतं. बाहेरगावी तीच माणसं रात्री अकरापर्यंत एकत्र असतात आणि वर्षभर ईमेलवर अडलेले विषय जेवणाच्या टेबलावर सुटतात. तुम्ही पैसे मोजता ते या पाच तासांचे. म्हणून हॉटेल निवडताना प्रत्येक गोष्टीला एकच प्रश्न लावावा: याने ते पाच तास वाचतील की खर्ची पडतील?

तारीख आणि रस्ता

आधी पंचांग उघडा. या हॉटेलांचं मोठं उत्पन्न लग्नांचं. तुळशीच्या लग्नानंतर मुहूर्त सुरू झाले की लग्नघर हॉल, लॉन आणि खोल्या सगळंच उचलतं, आणि साठ माणसांच्या बैठकीला उरतो तो तळघरातला छोटा हॉल. त्याहून वाईट म्हणजे तुमचं सत्र चालू असताना शेजारच्या लॉनवर हळदीचा ढोल. आषाढी ते कार्तिकी या चार महिन्यांत लग्नं फार कमी असतात. तेव्हा सोमवार ते गुरुवार याच हॉटेलांत हॉल रिकामे असतात, दर खाली येतात आणि बँक्वेटची माणसं तुमच्याकडे नीट लक्ष देऊ शकतात. बैठकीसाठी माझ्या मते हाच सर्वोत्तम काळ. फक्त गणपतीचे दिवस वगळा, कारण तेव्हा स्थानिक कर्मचारी सुट्टीवर जातात आणि सेवा मंदावते.

पावसाळ्यातला शनिवार-रविवार मात्र घेऊच नका. मुंबईकडून येताना शनिवारी सकाळी खोपोलीपासून खंडाळ्यापर्यंत बोरघाटात वाहनं तुंबतात आणि रविवारी संध्याकाळी परतीच्या बाजूला तेच होतं. दहाचं पहिलं सत्र साडेअकराला सुरू झालं की दिवसभराचं वेळापत्रक ढकललं जातं आणि शेवटी बळी जातो संध्याकाळचा. आठवड्याच्या मधल्या दिवशीही पावसात घाटासाठी एक तास जास्त धरा.

दोन्ही शहरांतून माणसं येणार असतील तर लोणावळा-पवना मधोमध पडतं. कर्जत घाटाच्या पायथ्याला. मुंबईकरांना ते लोकलनेही जमतं, पण पुणेकरांना घाट उतरावा लागतो, आणि एप्रिल-मेमध्ये तिथला उकाडा लोणावळ्यापेक्षा खूप जास्त. सगळे पुण्याचे असतील तर मुळशी. नाशिककर आणि मुंबईकर एकत्र येणार असतील तर इगतपुरी. जून २०२५ मध्ये समृद्धी महामार्गाचा इगतपुरी ते आमणे हा शेवटचा टप्पा खुला झाल्यापासून ठाणे-भिवंडीकडून येणाऱ्यांना कसारा घाटाची वळणं टाळता येतात.

महामार्ग सोडल्यानंतरचा रस्ता स्वतः जाऊन पाहा आणि पावसाळ्याआधी पाहिला असेल तर पावसाळ्यानंतर पुन्हा विचारा. ४५ आसनी बस साधारण १२ मीटर लांब असते. गावातली काटकोनी वळणं, ओढ्यावरची अरुंद मोरी, लोंबणाऱ्या विजेच्या तारा किंवा हॉटेलची दगडी कमान यांपैकी काहीही तिला अडवू शकतं. मग पाहुणे सामानासकट रस्त्यात उतरतात आणि हॉटेलची छोटी गाडी फेऱ्या मारत बसते. हॉटेलला थेट विचारा, “गेल्या महिन्यात ४५ आसनी बस पोर्चपर्यंत आली होती का?” उत्तरात आढेवेढे असतील तर १७ आसनी टेम्पो ट्रॅव्हलर घ्या. चालकांच्या झोपण्या-जेवणाची सोय हॉटेलकडून आधीच लिहून घ्या. दुसऱ्या दिवशी धुक्यात घाट उतरवणारा माणूस रात्रभर गाडीत अवघडून झोपलेला नसावा.

खोल्या: इथे हिशेब सगळ्यात जास्त चुकतो

साठ माणसं ट्विन शेअरिंगवर म्हणजे तीस खोल्या, हे गणित कागदावरच बरोबर असतं. बायकांची संख्या विषम, पुरुषांचीही विषम, म्हणजे एकतीस. दोन-तीन वरिष्ठ एकेकटे, की बत्तीस. बाहेरून येणारा प्रशिक्षक, ध्वनी-प्रकाशवाल्यांची टीम, की अजून दोन. तेव्हा एखादी हाताशी धरून सुरुवातच पस्तीस खोल्यांनी करा.

खरी अडचण पुढे आहे. ही हॉटेलं मुळात जोडप्यांसाठी बांधलेली असतात, त्यामुळे बहुतेक खोल्यांत एकच मोठा पलंग असतो. विक्री विभाग ‘पस्तीस खोल्या आहेत’ म्हणतो ते खरं असतं, पण त्यांतल्या दोन वेगळे पलंग असलेल्या पंधराच असू शकतात. उरलेल्या ठिकाणी दोन सहकाऱ्यांना एका पलंगावर झोपावं लागतं किंवा जमिनीवर गादी टाकली जाते. म्हणून ईमेलमध्ये प्रश्न नेमका हवा: दोन स्वतंत्र पलंग असलेल्या खोल्या किती, आणि त्या आमच्या नावावर लिहून देणार का?

दुसरी गोष्ट न्हाणीघराची. आलिशान खोल्यांत न्हाणीघर आणि पलंग यांच्यामध्ये काचेची भिंत असण्याची पद्धत आहे. पडदा किंवा पट्ट्यांचं आवरण असतं, काही ठिकाणी ते फक्त आतून बंद होतं, काही ठिकाणी बाहेरूनही उघडता येतं. सहकाऱ्यांनी वाटून घेण्याच्या खोलीत हे चालणार नाही. पाहणीला जाल तेव्हा नमुन्याची सजवलेली खोली न पाहता तुम्हाला मिळणार त्या प्रकारातली कुठलीही खोली उघडायला सांगा.

तिसरी गोष्ट अंतराची. डोंगर-उतारावर पसरलेल्या हॉटेलात खोल्यांपासून हॉलपर्यंत बग्गीने जावं लागतं. हिशेब करून बघा: सहा आसनी दोन बग्ग्या, एका फेरीला जाऊन-येऊन आठ मिनिटं, एका वेळी बारा माणसं. साठ जणांना पाच फेऱ्या, म्हणजे चाळीस मिनिटं. सकाळी नाश्त्याला, दुपारी जेवणानंतर, संध्याकाळी कपडे बदलायला, असं हे दिवसातून तीन-चारदा. दोन तास इथेच गेले. उपाय असे की खोल्या हॉलजवळच्या एकाच भागात मागा, गर्दीच्या वेळेला जादा बग्गी करारात घाला आणि जेवण हॉलला लागूनच ठेवा. पायवाट असेल तर रात्री तिथे दिवे आहेत का, पावसात शेवाळ धरतं का, तेही बघून घ्या.

चेक-इन साधारण दुपारी दोन-तीनला आणि तुम्ही पोचणार सकाळी दहाला. मधले तास सामान कुठे ठेवायचं, प्रवासानंतर तोंड धुवायला, कपडे बदलायला कुठे जायचं, हे न ठरवल्यास साठ माणसं स्वागतकक्षात उभी राहतात. हॉलच्या शेजारी एक बंद खोली सामानासाठी आणि तीन-चार खोल्या सकाळपासून तयार, एवढं मागितलं तर हॉटेल देतं. किल्ल्या जेवणाच्या सुट्टीत, आधी केलेल्या यादीनुसार लिफाफ्यांत घालून वाटायच्या. रांग लावून चाव्या घेण्यात अर्धा तास सहज जातो.

हॉल

माहितीपत्रकात लिहिलेली क्षमता बहुधा ओळीने खुर्च्या मांडल्यावरची असते. माणशी आठ-दहा चौरस फूट. बैठकीत लोकांना लिहायचं, बोलायचं, गटात काम करायचं असतं, तेव्हा पाच फुटी गोल टेबलाभोवती सहाच खुर्च्या ठेवतात आणि मंचाकडची बाजू मोकळी सोडतात. त्याला माणशी अठरा-वीस चौरस फूट लागतात. इंग्रजी यू आकाराच्या मांडणीला तीस-पस्तीस. म्हणजे साठ माणसांना टेबलांसाठी बाराशे, त्यात मंच, तांत्रिक टेबल, मागे चहा-पाण्याची जागा धरून सतराशे-अठराशे चौरस फूट. थोडक्यात, पत्रकात एकशे सत्तर ते सव्वादोनशे लिहिलेला हॉल तुमच्या साठांना नीट पुरतो. ‘ऐंशी’ लिहिलेला हॉल घेतलात तर माणसं पाठीला पाठ लावून बसतील.

छताची उंची मोजा. मागच्या माणसाला अक्षरं वाचता यायची तर पडद्याच्या उंचीच्या सहापटीपेक्षा लांब कुणी बसू नये, आणि पुढच्यांची डोकी आड येऊ नयेत म्हणून पडद्याची खालची कड जमिनीपासून चार फुटांवर हवी. डोंगराळ भागातल्या हॉटेलांत छत बरेचदा नऊ-दहा फुटांचंच असतं. म्हणजे पडदा जेमतेम पाच फूट उंच, म्हणजे तीस फुटांपलीकडचा माणूस कोरा. असा हॉल तीस बाय साठ फुटांचा असेल तर मंच अरुंद भिंतीला न लावता लांब भिंतीच्या मधोमध लावा. मग कोपरे सोडले तर कुणी तीस फुटांच्या फारसं बाहेर जात नाही, आणि वक्ताही सगळ्यांच्या जवळ राहतो. कडेच्या टेबलांसाठी दोन बाजूंना दोन टीव्ही उभे करावेत.

काचेच्या हॉलचं सौंदर्य दुपारी त्रास देतं. हॉटेलचा प्रोजेक्टर बहुधा तीन-साडेतीन हजार लुमेनचा असतो, दिवाही जुना झालेला असतो. दरीतून उजेड आत आला की पडद्यावर फक्त फिका चौकोन दिसतो. पूर्ण अंधार करणारे पडदे आहेत का ते दुपारी दोनला, पडदे ओढून, तुमचीच स्लाइड लावून पाहा. नसतील तर एलईडी भिंत घ्यावी लागेल. बारा बाय आठ फुटांची, पी ३ (म्हणजे दिव्यांच्या ठिपक्यांत ३ मिलिमीटर अंतर) किंवा त्याहून बारीक. काच कुठल्याही बाजूला असो, मंच तिच्यासमोर घेऊ नका. वक्त्याचा चेहरा काळा दिसतो आणि ऑनलाइन जोडलेल्यांना तर नुसती आकृती. काच श्रोत्यांच्या कडेला यावी.

आता छप्पर. मोठे हॉल पुष्कळदा पत्र्याच्या छताखाली असतात, खाली सजावटीचं छत लावलेलं असल्याने ते कळत नाही. घाटमाथ्याचा मुसळधार पाऊस पत्र्यावर कोसळू लागला की माइक असूनही शेजारचा काय म्हणतो ते ऐकू येत नाही आणि सत्र थांबवावं लागतं. जून ते सप्टेंबरमधली तारीख असेल तर हा प्रश्न सगळ्यांत आधी विचारा. काँक्रीटचं छत असलेला थोडा लहान हॉल पत्र्याच्या भव्य हॉलपेक्षा कधीही बरा.

हॉल सरकत्या पार्टिशनने दोन भागांत विभागलेला असेल तर पलीकडे काय चाललं असेल तेही विचारा. पार्टिशनमधून बोलणं अस्पष्ट पोचतं, पण मायक्रोफोन आणि टाळ्या स्पष्ट येतात. काच, फरशी आणि उंच उतरतं छत असेल तर घुमारा खूप असतो. टाळी वाजवून ऐका. आवाज रेंगाळत असेल तर दोन मोठे स्पीकर पुढे लावून उपयोग नाही, चार छोटे स्पीकर हॉलभर वाटून, कमी आवाजात लावायचे. पॅकेजमधले ‘दोन माइक’ साठ माणसांच्या चर्चेला कमी पडतात. चार हातात धरायचे, एक कॉलरचा, आणि प्रत्येक सुट्टीत नवे सेल, एवढं सांगून ठेवा.

वीज आणि नेटवर्क

ग्रामीण फीडरवर वीज जाते, पावसात जास्तच. ‘फुल बॅकअप आहे’ या उत्तरावर थांबू नका. जनरेटरवर हॉलचा एसी चालतो का? वीज गेल्यावर जनरेटर आपोआप सुरू होतो की माणूस जाऊन बटण दाबतो? आपोआप असला तरी दहा ते तीस सेकंदांचा खंड पडतोच. तेवढ्यात दिव्याचा प्रोजेक्टर बंद पडतो आणि गरम दिवा थंड झाल्याशिवाय पुन्हा पेटत नाही, म्हणजे आणखी काही मिनिटं. म्हणून प्रोजेक्टर, साउंड मिक्सर, सादरीकरणाचा लॅपटॉप, एलईडीचा प्रोसेसर आणि राउटर एवढ्यांना ऑनलाइन यूपीएस (क्षणभरही वीज तुटू न देणारा) हवाच. बारा बाय आठची एलईडी भिंत पूर्ण उजेडात सहा-आठ किलोवॉट खेचू शकते, तिला तीन फेजची वेगळी जोडणी द्या. ध्वनी आणि प्रकाश एकाच फेजवर घेतले की स्पीकरमधून घुंऽऽ असा आवाज येत राहतो. अर्थिंग कच्चं असेल तरीही तसाच आवाज येतो.

इंटरनेटचं मोजमाप माणसांवर नको, यंत्रांवर करा. साठ माणसं म्हणजे सव्वाशे यंत्रं. एका ॲक्सेस पॉइंटवर (वाय-फाय पसरवणाऱ्या पेटीवर) तीस-चाळीस चालू यंत्रांपलीकडे वेग कोसळतो, तेव्हा हॉलमध्ये तीन-चार हवेत. हॉटेल सांगेल तो डाउनलोडचा वेग असतो. परदेशातला संचालक व्हिडिओवर जोडणार असेल तर तुम्हाला अपलोड महत्त्वाचा, आणि त्या एका लॅपटॉपला वाय-फाय न देता थेट केबल द्या. वेग हॉटेल भरलेलं असताना, रात्री नऊला तपासा.

दऱ्याखोऱ्यांत मोबाइलला रेंज नसण्याचा परिणाम वेगळाच दिसतो. फोन लागत नाही हे लोक सहन करतात, पण ओटीपी येत नाही म्हणून कंपनीच्या व्हीपीएनमध्ये शिरता येत नाही आणि सकाळचं पाऊण तास काम अडतं. निघण्याआधी सगळ्यांना वाय-फाय कॉलिंग चालू करायला आणि शक्य तिथे ऑथेंटिकेटर ॲप लावायला सांगा. फायली पेन ड्राइव्हवर आणि सादरीकरणाच्या लॅपटॉपवर आधीच उतरवून ठेवा. क्लाउडवर विसंबू नका.

जेवण

हॉटेलवाले ज्याला एमजी म्हणतात, ती किमान हमीची संख्या. साठ येणार म्हणून एमजी साठच द्यायची गरज नाही. ऐनवेळी चार-पाच गळतातच. पंचावन्न द्या, जादा आलेल्यांचे पैसे प्रत्यक्ष संख्येवर द्या. अंतिम आकडा बहुतेक ठिकाणी तीन दिवस आधी मागतात.

पॅकेजमध्ये सहसा तीन जेवणं, दोन वेळा चहा-बिस्किटं, आठ तास हॉल, पडदा, फ्लिपचार्ट, पाणी एवढं असतं. रात्रीच्या जेवणाआधीचे स्टार्टर, थंड पेयं, शेकोटी, डीजे, हॉलचे वाढीव तास हे बाहेर. याद्या जुळवूनच दोन हॉटेलांचे दर ताडून पाहा, नाहीतर स्वस्त वाटणारं महाग पडतं.

दुपारच्या जेवणात पनीर माखनी, बिर्याणी, दोन गोड पदार्थ ठेवले की तीनच्या सत्रात माणसं डुलक्या घेतात. दुपारी वरण-भात, एखादी पालेभाजी, ज्वारीची भाकरी, कोशिंबीर, मठ्ठा असं हलकं ठेवा आणि शेफची कारागिरी रात्रीसाठी राखा. या भागातल्या स्वयंपाकघरांतून पिठलं, ठेचा, भाकरी फार चांगली येते आणि ती मागणाऱ्यांना कौतुकाने वाढतात.

तारीख ठरली की संकष्टी, एकादशी, श्रावणी सोमवार, नवरात्र पडतंय का ते पाहा. साठांत दहा-बारा उपवासाचे सहज निघतात. त्यांना फळांची ताटली देऊन भागवू नये. साबुदाण्याची खिचडी किंवा वऱ्याचे तांदूळ, दाण्याची आमटी, बटाट्याची भाजी आधी सांगितली तर होते. संकष्टीचा उपवास चंद्रोदयानंतर सुटतो, त्यामुळे त्यांचं ताट जेवणाच्या काउंटरवर उशिरापर्यंत राखावं लागतं. जैन सहकाऱ्यांसाठी वेगळा काउंटर आणि वेगळे चमचे-पळ्या हव्यात. जे सूर्यास्तानंतर जेवत नाहीत त्यांच्यासाठी डिसेंबरात सहाच्या आधी जेवण तयार हवं, म्हणजे शेवटचं सत्र पाचलाच संपवावं लागेल. वेळापत्रक करताना हे लक्षात घेतलं नाही तर ती माणसं रात्री उपाशी बसतात आणि सांगतही नाहीत.

पंधरा मिनिटांची चहाची सुट्टी एका काउंटरवर अर्ध्या तासाची होते. दोन काउंटर, एकमेकांपासून लांब, हॉलच्या दाराबाहेर. एवढ्याने दिवसात अर्धा तास वाचतो.

संध्याकाळ

ज्या वेळेसाठी आलो तिचं नियोजन बहुतेकदा शेवटी आणि घाईत होतं. ध्वनिप्रदूषण नियम, २००० प्रमाणे रात्री दहा ते सकाळी सहा उघड्यावर लाउडस्पीकर लावता येत नाही, बंद सभागृहात चालतो. दरीत आवाज लांबवर जातो, खालच्या वस्तीतून तक्रार होते आणि ती रास्तच असते. म्हणून लॉनवरचा कार्यक्रम साडेसातला सुरू करून पावणेदहाला आवरा, ज्यांना नाचायचंय त्यांच्यासाठी पुढे बंद हॉल ठेवा. ध्वनिमुद्रित गाणी वाजवण्याचे परवाने लागतात. ते हॉटेल काढणार की तुम्ही, हे लिहून घ्या.

मद्य द्यायचं असेल तर हॉटेलचा परवाना कुठल्या भागापुरता आहे ते विचारा. बारचा परवाना लॉनला आपोआप लागू होत नाही, वेगळी परवानगी काढावी लागू शकते. महाराष्ट्रात बिअर-वाइनसाठी वय २१ आणि कडक मद्यासाठी २५ पूर्ण हवं, म्हणजे बावीस वर्षांच्या इंटर्नला व्हिस्की देता येत नाही. २ ऑक्टोबरसारखे कोरडे दिवस आणि मतदान संपण्याआधीचे ४८ तास तारीख ठरवतानाच तपासा. आणि एक फार महत्त्वाचं: कामाच्या ठिकाणी महिलांच्या लैंगिक छळाविरुद्धचा २०१३ चा कायदा कामानिमित्त जिथे जाऊ ती जागा आणि कंपनीने दिलेलं वाहन यांनाही कामाचंच ठिकाण मानतो. अशा तक्रारी ऐकणाऱ्या अंतर्गत समितीच्या सदस्याचा फोन नंबर वेळापत्रकाच्या पानावर छापा, रात्री उशिरा बग्गी मिळेल याची खात्री करा.

हिवाळ्यात नऊ-साडेनऊनंतर लॉनवर दव पडतं. केबलचे जोड, मिक्सर, खुर्च्या ओल्या होतात, जेवण पाच मिनिटांत गार. वर मंडप घ्या किंवा जेवण आत ठेवा. पहिल्या पावसानंतरच्या संध्याकाळी पंखांच्या वाळवीचे थवे दिव्यांवर झेपावतात आणि बुफेच्या भांड्यांत पडतात. त्या आठवड्यांत उघड्यावर जेवण नकोच. घ्यायचंच तर पांढरे झगझगीत दिवे काढून पिवळे, मंद दिवे लावा आणि प्रखर दिवा जेवणापासून लांब एका कोपऱ्यात ठेवा.

खेळ आणि साहसाच्या कार्यक्रमांत पाणी टाळा. ३० जून २०२४ ला भुशी धरणाजवळ एकाच कुटुंबातले पाच जण वाहून गेले. त्यानंतर मावळ-मुळशीतल्या धबधब्यांवर मनाई आदेश निघाले. हॉटेलचा माणूस ‘जवळच एक छोटा ओढा आहे’ म्हणाला तरी कंपनीच्या नावाखाली तिथे कुणाला नेऊ नका. दोरावरच्या खेळांसाठी हार्नेसची स्थिती आणि प्रशिक्षकाचं प्रमाणपत्र बघा. अतिदक्षता विभाग असलेलं जवळचं रुग्णालय किती मिनिटांवर, सर्पदंशावरचं प्रतिविष तिथे आहे का, १०८ ची रुग्णवाहिका हॉटेलपर्यंत पोचते का, ही उत्तरं आयोजकाच्या खिशात असावीत.

कागद आणि बिल

करारात हॉलचं नाव आणि वेळ लिहून घ्या. ‘एक हॉल’ एवढंच असेल तर मोठं लग्न आल्यावर तुम्हाला लहान हॉलमध्ये हलवलं जाऊ शकतं. त्या दिवशी दुसरा कुठला समारंभ आहे ते विचारा, नंतर घेतला तर कळवण्याचं बंधन घाला. दरड कोसळून घाट बंद झाला किंवा सरकारी आदेश निघाला तर आगाऊ रक्कम पुढच्या तारखेला वळती व्हावी, हे कलम पावसाळ्यात हवंच. कार्यक्रमाच्या आधी हॉटेल एफपी (फंक्शन प्रॉस्पेक्टस) बनवतं. कुठल्या वेळी कुठे काय, हे त्यात असतं आणि स्वयंपाकघर, हाउसकीपिंग, वीजवाले सगळे फक्त तोच कागद पाहतात. विक्री विभागाने फोनवर दिलेली वचनं त्यात नसतील तर ती अस्तित्वात नाहीत असं समजा.

जीएसटीचं गणित अनेकांना बिल आल्यावर कळतं. २२ सप्टेंबर २०२५ पासून रात्रीला ७,५०० रुपयांपर्यंतच्या खोलीवर ५ टक्के, त्यावरच्या खोलीवर १८ टक्के. आदल्या आर्थिक वर्षात हॉटेलातल्या एका जरी खोलीचं भाडं ७,५०० च्या वर गेलेलं असेल तर तिथल्या जेवणावरही १८, म्हणजे आलिशान हॉटेलात १८ धरूनच चाला. जेवणावरच्या कराचं क्रेडिट (कंपनीच्या स्वतःच्या जीएसटीतून वजावट) कंपनीला सहसा मिळत नाही, खोली आणि हॉलचं मिळू शकतं, म्हणून माणशी एकच रक्कम न घेता बिलात तिन्हींची फोड मागा. आणि हॉटेलचा कर जिथे हॉटेल आहे त्या राज्यात लागतो. महाराष्ट्रात नोंदणी असलेल्या कंपनीने लोणावळ्यात बैठक घेतली तर क्रेडिट मिळतं, तीच गोव्यात घेतली आणि गोव्यात नोंदणी नसेल तर ते बुडतं. अठरा टक्क्यांचा हा फरक गोव्याच्या स्वस्त दराला खाऊन टाकू शकतो. बुकिंगआधी सीएला एक फोन करा.

कोणता खर्च कंपनीच्या मास्टर बिलात आणि कोणता पाहुण्याच्या खिशातून, याची यादी चेक-इनलाच द्या: मिनीबार, धुलाई, स्पा, खोलीत मागवलेलं जेवण. जादा मागणीवर सही करणारी व्यक्ती एकच असावी, तिच्या सहीशिवायची चिठ्ठी मास्टर बिलात जाणार नाही असं हॉटेलला लेखी कळवा. पहिल्या दिवसाचं बिल दुसऱ्या दिवशी सकाळच्या चहालाच मागवून तपासा. किती ताटं लागली, किती बाटल्या उघडल्या हे ज्याने पाहिलं तो रात्रपाळीचा कॅप्टन तोवर हॉटेलातच असतो, चूक जागेवर दुरुस्त होते.